फक्त डोंगरासाठी

मी एक लिव्हर रायफल बोलतेय. थांबा, लगेच पान उलटू नका. बंदूक बोलायला लागली की लोकांना वाटतं, आता हिची मर्दुमकी ऐकावी लागणार. तसलं माझ्यापाशी काही नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळीनिळी नळी आणि चापाभोवती ती लोखंडी कडी, जिला सगळे लिव्हर म्हणतात. ती खाली ढकलून वर ओढली की झालेल्या बाराचं रिकामं नळकांडं टणकन बाहेर उडतं आणि पोटातलं पुढचं काडतूस आपसूक वर येतं. माझ्या पोटात नऊ काडतुसं मावतात. आणि माझ्या जातीचा गुण म्हणा की खोड म्हणा, मला दोन तऱ्हेचं खाणं चालतं. एक आखूड, मवाळ काडतूस. दुसरं लांब, तापट. दोन्ही मी मुकाट्याने गिळते. कुठलं भरायचं ते भरणाऱ्याने ठरवायचं असतं.

सुरुवातीची काही वर्षं मी खाणीवरच्या एका साहेबाच्या काचेच्या कपाटात काढली. त्याने मला पाहुण्यांना दाखवण्यापलीकडे काही केलं नाही. मग त्याची बदली झाली आणि हॅल्वर ओस्बी नावाच्या लाकूडतोड्याने एक चांगली करवत आणि दोन गाड्या सरपण देऊन मला घरी आणलं. उत्तर आयडाहोच्या डोंगरातलं सीडर फोर्क हे त्याचं गाव. गावाबाहेर ओळीने ठेवलेल्या लांबट पत्र्याच्या घरांपैकी एकात तो आणि त्याची बायको आर्लीन राहायची. आर्लीन शाळेची बस चालवायची. पोरांवर ओरडून ओरडून तिचा आवाज घोगरा झाला होता, आणि घरात ती त्याच आवाजात बोलायची.

हॅल्वरने मला आतून खोललं, बारीक दगडाने घासलं, प्रत्येक सांधा गुळगुळीत केला. ‘‘आता ही कधी अडायची नाही,’’ तो म्हणाला. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आज त्याच गोष्टीची लाज वाटते.

त्याला दुकानातली काडतुसं आवडायची नाहीत. मागच्या शेडमध्ये तो स्वतःची स्वतः बनवायचा. गाड्यांच्या चाकांना लावतात ती शिशाची जुनी वजनं वितळवायची, साच्यात ओतायची, नळकांड्यात दारू मापून भरायची. हिवाळ्यातल्या दुपारी आर्लीनही शेजारी बसून नळकांड्यांच्या बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोप्या बसवायची. मी खुंटीवरून बघत असायचे.

‘‘हळू गं! टोपी आहे ती, शर्टाचं बटण नव्हे.’’

‘‘तू गप रे. दारू सांडतोयस ते बघ आधी. तुझ्यापेक्षा माझा हात बरा आहे.’’

‘‘म्हणून तर तुला बसवलंय.’’

त्यांचं प्रेम असंच होतं. एकमेकांना गोड बोललेलं मी क्वचितच ऐकलं.

ऑगस्टमध्ये ती दोघं बादल्या घेऊन डोंगरावर हकलबेरी तोडायला जायची, आणि मी हॅल्वरच्या खांद्यावर असायचे. ती जांभळी फळं अस्वलांनाही प्राणापलीकडे आवडतात. म्हणून हॅल्वरने खास काडतुसं बनवली होती. लांब, तापट जातीची, पुढे जड आणि टणक शिशाची गोळी. ‘‘अस्वल चिडून अंगावर आलं तर गोळी या खांद्यातून शिरून त्या खांद्यातून बाहेर पडली पाहिजे,’’ तो म्हणायचा. ती तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. डब्यावर चिकटपट्टी लावून पेन्सिलने लिहिलं होतं, ‘फक्त डोंगरासाठी. घरात भरू नये.’ इतक्या वर्षांत त्यातलं एकही काडतूस अस्वलावर वाया गेलं नाही. अस्वल दिसलं की हॅल्वर बादली बडवायचा आणि ते बिचारं झाडीत पळून जायचं.

शेवटच्या हिवाळ्यात त्याची फुफ्फुसं गेली. तरी शेडमध्ये जाऊन त्याने काडतुसांची एक शेवटची खेप केली. हात कापत होते, म्हणून गोळी नळकांड्यावर आर्लीन धरायची आणि ती आत दाबून बसवणारा यंत्राचा दांडा तो ओढायचा. मे महिन्यात तो गेला.

आमच्याकडे अंत्यविधीची वेळ वर्तमानपत्रात छापून येते, आणि चोरही वर्तमानपत्र वाचतात. म्हणून त्या वेळेला कुणी तरी शेजारी घरात बसून राहतं. ओस्बींच्या घरात रोझेला बसणार होती. रोझेला म्हणजे पलीकडच्या पत्र्याच्या घरातली, आर्लीनची तीस वर्षांची मैत्रीण. वस्तीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे केस ती आपल्या स्वयंपाकघरात कापायची. पण आयत्या वेळी आर्लीनने तिचा हात धरला. ‘‘घर गेलं खड्ड्यात. तू माझ्या शेजारी हवीस.’’ दोघी चर्चमध्ये गेल्या.

आणि चोर आलाच. करवत नेली, हॅल्वरचं घड्याळ नेलं, फ्रीजरमधलं एल्क हरणाचं मांस नेलं. मी कोटांच्या मागे टांगलेली होते, म्हणून वाचले. लोकांनी दुःखाच्या घरी आणून दिलेली जेवणाची सात भांडी मात्र टेबलावर जशीच्या तशी होती.

‘‘सातही टूना मासा घातलेली,’’ रोझेला झाकणं उघडून बघत म्हणाली. ‘‘चोरालासुद्धा चव असते हो!’’

आर्लीन हसली, आणि हसता हसता टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. त्यानंतर तिला त्या घरात भीती वाटायला लागली. तोवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात ती मला घेऊन व्हर्जिलच्या दुकानात गेली. व्हर्जिल सत्तरी ओलांडलेला, हॅल्वरचा जुना दोस्त. गावात बंदुकांचं दुकान त्याचं एकट्याचंच.

‘‘घरासाठी काडतुसं हवीत,’’ आर्लीन म्हणाली. ‘‘चांगली जोरकस दे.’’

‘‘आधी तुझ्या भिंती सांग.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कशाच्या आहेत?’’

‘‘बाहेरून पत्रा, आतून पातळ फळी, मधे कापूस. तुला माहीत नाही होय रे? शंभरदा येऊन गेलायस.’’

‘‘आणि भिंतीपलीकडे कोण राहतं?’’

‘‘रोझेला.’’

‘‘मग काडतूस रोझेलाचा विचार करून घ्यायचं. चोराचा नाही.’’ व्हर्जिलने एक खोकं काढून तिच्या हातावर एक काडतूस ठेवलं. आखूड, मवाळ जातीचं, गोळीच्या टोकाला खळगा. ‘‘ही अंगात शिरली की पसरते आणि तिथेच अडते. तुझा नेम चुकला तर हीसुद्धा पत्र्यातून जाईल, मी तुला खोटं सांगणार नाही. पण लागली तर सहसा पलीकडे निघायची नाही.’’

‘‘एवढीशी? आणि समोर अस्वल आलं तर?’’

‘‘तर कढई बडव. हॅल्वर काय करायचा?’’

‘‘बादली बडवायचा,’’ आर्लीन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. व्हर्जिलने उगाच दुसरीकडे बघून खोकं कागदात गुंडाळलं.

ती नऊ काडतुसं दोन आठवडे माझ्या पोटात होती. हलकी होती. मला सवय नव्हती, पण बरं वाटत होतं.

मग एका दुपारी वाऱ्याने पडवीचं जाळीचं दार धाडकन आपटलं. आर्लीन मला मांडीवर घेऊन तासभर तशीच बसून राहिली. मग उठून शेडमध्ये गेली आणि तो बिस्किटांचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं, आत नाक घालून वास घेतला. दारूचा, शिशाचा, तेलाचा. हॅल्वरचाच वास तो. तिने माझ्या पोटातली व्हर्जिलची काडतुसं एक एक करून काढली आणि त्यांच्या जागी हॅल्वरची भरली.

‘‘तूच बस माझ्यापाशी,’’ ती म्हणाली. मला नाही, त्याला.

डब्यावरची चिकटपट्टी तिला दिसत होती. पेन्सिलची अक्षरं अजून स्पष्ट होती. ती तिने वाचली असेल की नाही मला ठाऊक नाही. मी मात्र ओळखलं. मला वजन कळतं. हे काडतूस पत्र्याच्या घरासाठी नाही, हे मला आतून बाहेरून ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते एकाच कामाचं.

पुढच्या सोमवारी रोझेला कॉफी प्यायला आली. मी स्वयंपाकघराच्या दारामागे दोन खिळ्यांवर आडवी होते. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

‘‘हिचं तोंड माझ्या घराकडे आहे बरं का.’’

‘‘मग काय छताकडे करू?’’

‘‘थट्टा नाही गं. कसली काडतुसं भरलीस? हॅल्वरची ती तोफेची नाहीत ना?’’

आर्लीनने कॉफीत साखर घातली. एक चमचा, मग अजून एक. ती कधी साखर घेत नसे.

‘‘छे! व्हर्जिलने दिलेली. हलकी.’’

‘‘नक्की?’’

‘‘अगं बाई, शपथ घालतेस की काय आता? नक्की.’’

‘‘मग ठीक. मी केस कापायची खुर्ची त्या भिंतीपासून हलवणार होते. आता राहू दे. उजेड तिथेच बरा येतो.’’

बस, एवढंच बोलणं झालं. पुढे दोघींनी चर्चमधल्या एका बाईच्या नव्या दातांची यथेच्छ टवाळी केली. मी मात्र त्या खिळ्यांवर जळत होते. माझी लाडकी आर्लीन, जिने आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून बसमधून खाली उतरवलं, ती खोटं बोलली होती, आणि तिचं खोटं माझ्या पोटात होतं. तिलाही ते टोचत असणार. रोझेला गेल्यावर ती उठून माझ्यापाशी आली, काडतुसं बदलायला म्हणून हात वर केला, आणि मग ‘उद्या बघू’ असं पुटपुटत भांडी घासायला गेली. तो उद्या काही आला नाही.

त्या वर्षी डोंगरावर हकलबेरी फारशी धरलीच नाही. सप्टेंबर संपता संपता अस्वलं वस्तीत उतरायला लागली.

सकाळचे दहा वाजले असतील. आर्लीन सफरचंदं चिरत होती. मागच्या पडवीत काही तरी फाटल्याचा आवाज झाला, मग धप्प. पक्ष्यांसाठी आणलेल्या सूर्यफुलाच्या बियांचं पोतं तिथे ठेवलेलं होतं. आर्लीनने दार उघडलं तर चार पावलांवर काळं अस्वल. जाळीचं दार फाडून आत आलेलं, पोत्यात तोंड घातलेलं. त्याने मान वर केली. नाकाला बिया चिकटल्या होत्या.

कढई शेगडीवर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. तिने हात लांब केला तो माझ्याकडे.

तिने लिव्हर खाली ढकलली. अर्धवट, भीत भीत ढकलली असती तर मी अडले असते. माझ्यासारख्या बंदुका अडतात, आणि तेवढ्यात अस्वल निघून गेलं असतं. पण तिला हॅल्वरने शिकवलं होतं आणि मला हॅल्वरने घासलं होतं. काडतूस तेल लावल्यासारखं वर आलं. मी अडले नाही. तिने चाप ओढला.

अस्वल वळलं, फाटक्या दारातून बाहेर पडलं आणि सरपणाच्या ढिगापाशी जाऊन कोसळलं. गोळी मात्र त्याच्यात थांबली नाही. या खांद्यातून शिरली आणि त्या खांद्यातून बाहेर पडली, हॅल्वरने तिला बनवलं होतं तशीच. मग पडवीची फळी, मग दोन घरांमधलं गवत, मग रोझेलाच्या घराचा पत्रा.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग रोझेलाची किंकाळी आली. आर्लीनने मला जमिनीवर टाकलं आणि ती धावली.

रोझेला त्या खुर्चीतच बसली होती, उजेडात, वर्तमानपत्र वाचत. उजव्या कोपराचा चुरा करून गोळी मागच्या फ्रीजमध्ये रुतली होती.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला सर्वांत जड जातं. रुग्णवाहिका रोझेलाला घेऊन गेली. शेरीफचा माणूस येईपर्यंत आर्लीनला थांबायला सांगितलं होतं. ती आत आली, हात अजून रोझेलाच्या रक्ताने लाल होते. तिने मला उचललं, झालेलं नळकांडं काढून चुलीच्या राखेत खुपसलं, माझ्या पोटातली उरलेली आठ काडतुसं काढून डब्यात घातली, डबा शेडमध्ये नेऊन ठेवला, आणि माझ्यात व्हर्जिलची भरली.

‘‘तुझं नाव नाही येऊ देणार हॅल्वर,’’ ती म्हणत होती. ‘‘तुझं नाव नाही येऊ देणार.’’

शेरीफच्या माणसाने विचारलं, ‘‘काडतुसं कुठली?’’

‘‘व्हर्जिलच्या दुकानातली. हलकी.’’

त्याने लिहून घेतलं. त्यालाही तिने लहानपणी बसमधून शाळेत नेलं होतं. रोझेलाच्या फ्रीजमधून निघालेला वेडावाकडा शिशाचा गोळा त्याने पिशवीत टाकला आणि पुन्हा काही त्याकडे बघितलं नाही. अपघात होता, शेजारणी होत्या, अस्वल खरंच मेलेलं होतं. मला दोन आठवडे कचेरीत ठेवलं आणि दस्त्याला चिठ्ठी बांधून परत दिलं. आर्लीनने मला साफही केलं नाही. कोटांच्या मागे उभं केलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

रोझेलाचा हात वाचला, पण कोपर वाकेना. कात्री धरता येईना. आर्लीन रोज तिला आपल्या घरी आणायची, जेवू घालायची, पाव लोण्याने माखून तुकडे करून द्यायची, बटणं लावून द्यायची. रोझेला म्हणायची, ‘‘तू होतीस म्हणून जगले बाई.’’ असं म्हटलं की आर्लीन उठून नळ सोडायची.

आणि सगळा राग गेला व्हर्जिलवर. ‘‘भिंतीतून जायची नाही म्हणे! दोन घरं पार करून गेली,’’ रोझेला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. गाव लहान. दुकानात लोक टोमणे मारायला लागले. ‘‘काय व्हर्जिल, तुझी मवाळ काडतुसं हल्ली फ्रीज मारतात म्हणे!’’ म्हाताऱ्याने ती खोकी फळीवरून काढून टाकली. कुणी सल्ला विचारला तर ‘मला काय कळतंय’ म्हणायला लागला. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर गावाने बंदुका भरल्या त्याचा स्वतःच्या शब्दावरचा विश्वास उडाला. दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून, पुढे फळ्या लावून तो खडीच्या खाणीत एकटा त्याच मवाळ गोळ्या झाडत बसायचा. तिसऱ्या कॅनपुढे त्याची गोळी कधीच गेली नाही. तरी त्याची खात्री पटेना.

नोव्हेंबरमध्ये तो आर्लीनकडे आला. टोपी हातात धरून पायरीवरच उभा राहिला.

‘‘तुझी रायफल दोन दिवस देशील? तिच्यातूनच झाडून बघतो. माझं काय चुकलं ते मला कळलंच पाहिजे, आर्लीन. झोप लागत नाही गं.’’

नाही कसं म्हणणार होती ती? मला आणून त्याच्या हातात दिलं.

व्हर्जिल नेमका माणूस. झाडण्याआधी नळी साफ करायला बसला. तांब्यापितळेचा ब्रश आत घातला, मागून फडक्याचा तुकडा ढकलला. त्याच्या दुकानातल्या गोळ्यांवर तांब्याचं पातळ कातडं असतं. त्या झाडल्या की नळीत तांब्याचा अंश मागे राहतो आणि फडक्यावर त्याचा निळसर हिरवा डाग उमटतो. उघड्या शिशाच्या गोळीचं तसं नसतं. ती नळीत शिशाचे पापुद्रे ठेवून जाते.

फडकं बाहेर आलं आणि त्यावर करड्या, चकचकीत पापुद्र्यांचा चुरा होता. निळ्याहिरव्याचा मागमूस नव्हता.

मी आयुष्यात कधी काही बोलू शकले असेन तर ते तेव्हा. बघ, व्हर्जिल. नीट बघ. तुझं काही चुकलं नव्हतं रे.

तो बघत राहिला. दिव्याजवळ नेऊन बघितलं, नखाने घासून बघितलं. हॅल्वरला गोळ्यांचा साचा त्यानेच विकला होता. त्याने फडकं टेबलावर ठेवलं, चष्मा काढला आणि दोन्ही हातांत तोंड धरून बसला. ‘‘अगं, काय गिळून बसली होतीस तू,’’ तो मला म्हणाला. मग बाकीची नळी शांतपणे साफ केली. झाडून बघण्याची आता गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला परत द्यायला आला. आर्लीनच्या टेबलावर रोझेला सूप पीत होती, डाव्या हाताने. व्हर्जिलला बघताच तिने चमचा आपटला.

‘‘आलास? बघ बाबा, डोळे भरून बघ! तूच म्हणालास ना तिला, पलीकडे जायची नाही म्हणून? तिने माझ्या जिवासाठी तुझं ऐकलं, तू सांगितलंस तेच भरलं, आणि माझा हात गेला! तुला तोंड दाखवायला लाज नाही वाटत?’’

व्हर्जिलने मला भिंतीला टेकवून ठेवलं. मग आर्लीनकडे पाहिलं. एकदाच पाहिलं, पण ती समजली. मीही समजले.

‘‘चुकलो मी, रोझेला,’’ तो म्हणाला. ‘‘माझा सल्ला चुकला. मला माफ कर.’’

म्हातारा ते सगळं आपल्या अंगावर घेऊन जायला निघाला होता. आर्लीनने नुसतं गप्प बसायचं होतं. दार उघडलं असतं, बंद झालं असतं आणि विषय कायमचा मिटला असता. मी तिच्याकडे बघत होते. माझ्यात जीव असता तर मी तो मुठीत धरला असता.

‘‘थांब, व्हर्जिल,’’ आर्लीन म्हणाली. ‘‘त्याचं काही चुकलं नाही. रोझेला, ती गोळी त्याची नव्हती. हॅल्वरची होती. डोंगरावरची. तू विचारलंस तेव्हा तीच भरलेली होती. मी तुझ्याशी खोटं बोलले. शेरीफच्या माणसाशीही खोटं बोलले.’’

रोझेलाने वाडगा दूर सारला. सूपवर साय धरत होती.

‘‘का?’’ शेवटी तिने विचारलं.

‘‘त्याच्या हातची होती म्हणून. मला वाटायचं तो जवळ आहे.’’

‘‘ते नाही विचारलं मी. ते मला कळतं. माझाही नवरा गेलाय.’’ रोझेलाचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. ‘‘हॅल्वरची भरलीत म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि माझी खुर्ची हलवली असती. बस. एक खुर्ची हलवायची होती गं मला, आर्लीन.’’

आर्लीन तिला उठवायला पुढे झाली. रोझेलाने तो हात बाजूला केला. ‘‘व्हर्जिल, मला घरी सोड.’’ दहा पावलांवरचं घर ते. व्हर्जिलने तिच्या खांद्यावर कोट टाकला आणि दोघं निघून गेली. आर्लीन उभी होती तशीच टेबलाशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला आणि तो बिस्किटांचा डबा गाडीत घातला. आधी शेरीफच्या कचेरीत गेली आणि खरा जबाब दिला. तिथून व्हर्जिलच्या दुकानात आली. तेव्हा तिथे पाचसहा जण कॉफी पीत उभे होते. त्यांच्यासमोर तिने मोठ्याने सांगितलं की व्हर्जिलचा सल्ला बरोबर होता आणि खोटारडी मी आहे. व्हर्जिलने डबा घेतला आणि त्यातलं एक एक काडतूस खोलून दारू वेगळी केली, शिसं वेगळं केलं.

तेव्हापासून मी इथेच, त्याच्या दुकानाच्या मागच्या फळीवर आहे. पोट रिकामं. विकाऊ नाही अशी चिठ्ठी लावलेली. व्हर्जिलची खोकी परत पुढच्या फळीवर आली आहेत आणि तो पुन्हा गिऱ्हाइकांना आधी भिंतीच विचारतो.

तुम्ही म्हणाल, तुझा काय दोष? तू तर लोखंड. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. जमत नाही. गोळी माझ्यातून गेली. तिचं वजन मला माहीत होतं. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असेल तर तिच्या पोटात काय आहे ते भिंतीपलीकडच्या माणसाला खरं खरं सांगा. त्याला आपली खुर्ची हलवायची संधी द्या. आणि समोर कढई असेल तर कढई उचला.

काल आर्लीन आली होती. दोन महिन्यांत तिची वाळून काडी झाली आहे. तिने व्हर्जिलला काही विचारलं नाही, नुसती काउंटरपाशी उभी राहिली. त्यानेच सांगितलं.

‘‘रोझेलाकडे गेलो होतो. निरोप दिलाय तिने. जेवण घेऊन यायचं असेल तर ये म्हणाली.’’

आर्लीनने पटकन मान वर केली.

‘‘पण दार वाजवून ये म्हणाली.’’

तीस वर्षांत त्या दोघींपैकी कुणी दुसरीचं दार वाजवलं नव्हतं. ढकलायचं आणि आत जायचं, बोलणं बाहेरूनच सुरू झालेलं असायचं.

‘‘वाजवल्यावर उघडेल?’’ आर्लीनने विचारलं.

‘‘ते नाही सांगितलं तिने.’’

आर्लीनने मान हलवली, हातमोजे चढवले आणि बाहेर पडली. या फळीवरून वस्तीचा रस्ता दिसत नाही. ती दाराशी उभी राहून वाजवेल, थांबेल, कदाचित पुन्हा वाजवेल. पलीकडून कुणी उठलं की नाही, ते मला कळायचं नाही. आणि मी कुणाला विचारावं असं तोंडही मला उरलेलं नाही.